बेरिस्सोची चिंधी

बेरिस्सो, १४ सप्टेंबर १९९९

दानिलो,

अक्षर ओळखून पाकीट न उघडताच फाडू नकोस. तुझा पत्ता काढायला आपल्या आत्याकडे दोन वाट्या बीटाचं सूप प्यायले आहे आणि तिच्या गुडघेदुखीची सगळी कहाणी ऐकली आहे. रिओ गायेगोस! अरे, नकाशात आणखी थोडा खाली सरकला असतास तर समुद्रातच पडला असतास.

खुशाली विचारत बसत नाही. सहा वर्षांत तू विचारली नाहीस, मीही नाही, फिट्टंफाट. कामाचं बोलते.

आपला बँड, लोस गांचोस, पुन्हा एकत्र आलाय. एकच कार्यक्रम करणार, चार डिसेंबरला, ला प्लाताच्या रेसकोर्सवर. टीव्हीवरही दाखवणार आहेत. आणि परवा त्यांचा गाणारा चेलो स्वतः रेडिओवर म्हणाला, "बेरिस्सोची चिंधी सगळ्यात पुढे, माझ्या समोरच्या कठड्याला बांधलेली दिसली पाहिजे. आम्ही तिथल्याच खाटीकखान्यामागे वाजवायला शिकलो." ऐकलंस? आपली चिंधी! एवढ्या देशातल्या एवढ्या गावांनी कार्यक्रमांना आणलेल्या कापडी निशाणांतून त्याला आपली आठवली. पोलो तर रेडिओसमोर उभा राहून रडला. माझा नवरा रडला, विश्वास ठेव.

आता अडचण तुला ठाऊक आहेच. आमच्याकडे वरचा अर्धा भाग आहे. त्यावर 'बेरिस्सो' ही अक्षरं आणि बँडचं चिन्ह, मांस टांगायचा आकडा, त्याचा नुसता दांडा. आकड्याचा वाक, त्याचं टोक, खाली सगळ्या पोरांच्या सह्या, हे तुझ्याकडे. वाक नसलेला आकडा म्हणजे नुसता दांडका. ला प्लाताची कार्टी आम्हाला 'झाडूवाले' म्हणून हाका मारतात. चेलोसमोर झाडू घेऊन जायचं का आम्ही?

ती चिंधी मी शिवली आहे. ताडपत्रीच्या दाभणाने बोटं फुटली ती माझी. म्हणून मागायचा हक्कही माझाच. पोलोला मी हे पत्र लिहितेय ते माहीत नाही.

त्यांच्या 'धुण्याचं पाणी' या रेकॉर्डबद्दल मी शब्दसुद्धा काढणार नाही, ठरवलंय. आता सहा वर्षांनी त्यावर काय भांडायचं? फक्त एवढंच सांग, गिटार कुठे आहे? पहिल्या सहा गाण्यांत गिटार औषधालाही नाही. ढोल वाजवणारा चांगला धडधाकट माणूस बाजूला बसवला आणि ठोके यंत्राकडून घेतले. वर पियानो! खाटीकखान्यामागच्या पोरांनी पियानो वाजवायचा? आणि चेलोचा आवाज इतका बारीक की शेजारच्या खोलीत कोणी पुटपुटतंय असं वाटतं. आपल्याकडे गाणं आवडलं नाही तर शिव्या देत नाहीत, बाटल्या फेकत नाहीत. स्टेजकडे पाठ करून उभे राहतात. सहा वर्षांपूर्वी त्या कार्यक्रमात सगळ्या बेरिस्सोने पाठ फिरवली ती उगाच नाही. तू एकटा तोंड समोर करून उभा राहिलास, आणि आदल्या संध्याकाळी कोणाला न विचारता सगळ्यांच्या चिंधीवर त्या रेकॉर्डमधली ओळ रंगवलीस. मग पोलोने चिंधी कापून तुझा भाग तुझ्या अंगावर फेकला, तर त्यात त्याचं काय चुकलं?

तर बसच्या पार्सलातून पाठव. चांगली गुंडाळून.

लुदा


बेरिस्सो, ५ ऑक्टोबर १९९९

दानिलो,

तुझं पत्र मिळालं. अकरा पानं! त्यातली साडेदहा त्या रेकॉर्डवर. तुझ्या हातून अकरा पानं लिहून घेणारं दुसरं काही जगात नसेल.

आधी कबूल करते, तू बरोबर ओळखलंस. मागचं पत्र लिहिताना पोलो शेजारी बसून होता. 'हक्क माझा' हे त्यानेच सुचवलं. रेडिओसमोर रडला ते मात्र मी माझ्या मनाने घातलं, त्याला वाचून दाखवताना गाळलं. हे पत्र मी कामावर लिहितेय, तागे कापायच्या टेबलावर. इथे कोणी डोकावत नाही.

आता तुझे मुद्दे. लोकांनी या रेकॉर्डला कमी लेखलं, काळ जाऊ दे, मग कळेल, म्हणतोस. अरे, सहा वर्षं गेली, अजून किती काळ जाऊ द्यायचा? उरलेला पाव दुसऱ्या दिवशी शिळा होतो, थोर होत नाही. कोणी ऐकत नाही म्हणून एखादी गोष्ट भारी ठरायला लागली तर आत्याच्या गुडघेदुखीची कहाणी सगळ्यात भारी ठरेल.

यंत्राचे ठोके म्हणजे खाटीकखान्यातल्या साखळीचा आवाज, हे तू लिहिलंस. पियानो चेलोच्या आईचा, ज्या घरात ती कामगारांचे रक्ताळलेले एप्रन धुवायची त्या घरातला. आणि कपडे धुताना माणूस ओरडून गात नाही, गुणगुणतो, म्हणून आवाज बारीक. ठीक आहे. पटण्यासारखं लिहितोस, नाही म्हणत नाही. पण गाण्याखाली असं समजावून सांगणारा माणूस बसवावा लागत असेल तर ते गाणं कसलं? चेलोची पहिली रेकॉर्ड लागली की मी समजून घ्यायला बसत नाही, मी उठून उडी मारते. उडी कुठे आहे यात, सांग?

आमच्याकडे तेरेसा म्हणून नवी मुलगी कामाला लागलीय, माझ्या शेजारच्या मशीनवर. तिचं तर म्हणणं, लोस गांचोसची हीच एक रेकॉर्ड ऐकण्यासारखी आहे, बाकी सगळा पुरुषांचा आरडाओरडा. मी म्हटलं, "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी त्यांच्या कार्यक्रमांना जातेय." तर म्हणते, "म्हणूनच, ताई. तुमचे कान तेव्हाचेच राहिलेत." आगाऊ कुठली! तिची आणि तुझी गाठ घालून द्यायला हवी.

तुझी अट वाचली. ओळ राहिली पाहिजे. तिच्यावर रंग नाही, कात्री नाही, झाकाझाक नाही. 'पाणी बदला, हात तेच आहेत' हे चेलोला समोर वाचता आलं पाहिजे. नाहीतर चिंधी मिळणार नाही.

पोलोला तुझी अट सांगितली. तो म्हणाला, "हो म्हण."

मी त्याला म्हटलं, "नुसतं हो म्हणायचं की खरंच हो?" तो माते-चहाचा पेला धुवायला उठून गेला. तुला खात्री हवी म्हणून मग मीच सांगते. आईची शपथ घेते, दानिलो. ओळ राहील. दे पाठवून.

लुदा


बेरिस्सो, २९ ऑक्टोबर १९९९

अरे मूर्ख माणसा,

धुतलीस? तू चिंधी धुतलीस?

पार्सल घरी आलं तेव्हा चिंधीमागची सगळी मंडळी जमली होती. पोलोने दोरी कापली, आणि खोलीभर साबणाचा वास! कसला, तर लव्हेंडरचा! मग एकेकाने पुढे येऊन वास घेतला, नवरी पाहायला आल्यासारखा, आणि मान हलवत खुर्चीवर जाऊन बसला. ओलावार्रियाच्या कार्यक्रमातला चिखल गेला. मार देल प्लाताला सांडलेली वाइन गेली. आपल्यातल्या इवानच्या नाकातून रक्त आलं होतं तो डाग गेला, आणि इवान तर आता राहिला नाही, तुला ठाऊक आहे. चिंधी धुवायची नसते हे काय मी तुला शिकवायचं? आपल्याकडे माणूस लग्नाचा सदरा धुवील, चिंधी धुणार नाही.

मग सोबतचं पत्र वाचलं. पहिल्या चार पानांत पियानो. आणि पाचव्या पानाच्या खाली, हवामान सांगावं तसं: इथे वारा फार, खिडकीतून धूळ येते, म्हणून चिंधी पडद्यासारखी लावली होती, मुलीला खोकला झाला म्हणून यास्नाने ती धुतली.

कोणाच्या मुलीला? यास्ना कोण? मला भाची आहे, हे मी पाचव्या पानाच्या तळाशी वाचायचं? पियानोला चार पानं आणि पोरीला अर्धी ओळ! तिचं नावही लिहिलं नाहीस. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. बाहेर पोलो म्हणत होता, "सगळं धुऊन निघालं आणि बघा, त्याची ओळ तेवढी जशीच्या तशी." खरंच आहे ते. जहाजाचा रंग वापरला होतास ना, बंदरावरचा? सह्यासुद्धा पुसट झाल्यात. तुझी ओळ मात्र काल लिहिल्यासारखी दिसते.

मंडळींचं म्हणणं, हे अपशकुनी आहे. पोलो म्हणाला, "हिला पुन्हा मळवता येईल. ओळीचं तेवढं बघायला हवं."

मी विचारलं, "बघायला हवं म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही. तू शिवायला घे."

शिवायला घेतली आहे. मुलीचं नाव कळव. खोकला कसा आहे ते कळव. त्या पत्रात रेकॉर्डबद्दल एक अक्षर लिहिलंस तर बघ.

लुदा


बेरिस्सो, २१ नोव्हेंबर १९९९

प्रिय दानिलो,

दोन्ही तुकडे जोडून झाले. शिवण छान बसली आहे, आकडा सरळ जुळला. पोलो खूश आहे. मंडळी खूश आहेत. काळजीचं काही कारण नाही.

मिलेना नाव गोड आहे. खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. यास्नाला सांग, कोमट पाण्यात मध घालून... जाऊ दे, तिला कळत असेल.

इथे उकाडा सुरू झालाय. पोलोने काळ्या रंगाचा डबा आणलाय, कुंपणाला द्यायला. कुंपणाला अजून हात लावलेला नाही. डबा चिंधीच्या शेजारी ठेवलाय.

तू टीव्हीवर बघशीलच. नाही बघितलंस तरी चालेल. एवढ्या गर्दीत काय दिसणार? तिकडे प्रक्षेपण नीट येत असेल की नाही, कोण जाणे.

हे पत्र पोलोच टाकणार आहे, बंदराकडे जातोय म्हणून.

तुझी बहीण,
लुदमिला


बेरिस्सो, ६ डिसेंबर १९९९

दानि,

हे तेरेसाच्या घरून लिहितेय. का, ते सांगतेच. नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर तू म्हणशील मी नेहमीसारखी मधूनच सुरू केलं.

मागच्या पत्रावरून तुला संशय आला असणार. मी तुला कधी 'प्रिय' म्हणून लिहिलं आहे? रंगाचा डबा तुझ्या ओळीसाठीच होता. पोलो म्हणाला, "त्याला काय कळणार आहे? हजार कोस लांब बसलाय. टीव्हीवाले चिंधी दाखवतील दोन सेकंद." मी म्हटलं, मी आईची शपथ घेतली आहे. तो म्हणाला, "शपथ तू घेतलीस, मी नाही." त्या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीला धडका मारणं. मंडळीही त्याच्याच बाजूची. त्यांनी ठरवून टाकलं होतं, जुन्या गाण्यांना उड्या मारायच्या आणि 'धुण्याचं पाणी'मधली गाणी लागली की सगळ्यांनी पुन्हा पाठ फिरवायची. सहा वर्षांत एकाचंही मत तसूभर हललं नव्हतं, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान!

मग मी दुसरी युक्ती केली. पोलोला म्हटलं, "धुतलेल्या कापडावर रंग धरणार नाही. घडीला तडकेल, आणि खालची ओळ डोकावेल. त्यापेक्षा मी ओळीवरून आडवी चुणी घेते. ओळ आत जाईल, वर आकडा आणि खाली सह्या जुळतील, कोणाला पत्ता लागणार नाही." त्याला पटलं. त्याने शिवण ओढून पाहिली, घट्ट वाटली. शिलाईतलं त्याला ओ की ठो कळत नाही. मी नुसता कच्चा धावदोरा घातला होता, एका टोकाला गाठच दिली नव्हती. टोक हाताशी राहील असं ठेवलं.

आता रेसकोर्सचं ऐक. आम्ही अगदी पुढे, लोखंडी कठड्याशी. चिंधी कठड्याला बांधलेली, तोंड स्टेजकडे. चेलो जाडा झालाय, केस गेलेत, पण पहिलं गाणं लागलं आणि माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. पोलोने मला खांद्यावर उचलून घेतलं. मला वाटलं, देवा, हे असंच राहू दे, शिवणीचं विसरून जाते. खरंच वाटलं, तुझ्याशी खोटं बोलत नाही. चुणीत ओळ राहिली असती, कोणालाही कळलं नसतं, मी घरी गेले असते, आणि तुला लिहिलं असतं की टीव्हीवाल्यांनी दाखवलंच नाही.

मग दिवे निळे झाले आणि पियानो आणला. चेलो म्हणाला, "आता 'धुण्याचं पाणी', पहिल्यापासून शेवटपर्यंत. ज्यांना नको असेल त्यांनी बाहेरच्या गाडीवरचं चोरिपान सँडविच खाऊन यावं." तिकडची नवी पोरं ओरडायला लागली, तेरेसाच्या वयाची, हजारोंनी. त्यांना सगळं पाठ! इतके लोक ही रेकॉर्ड ऐकत होते आणि आम्हाला पत्ताच नाही. आपल्या बाजूला पोलोने हात वर केला आणि सगळ्या बेरिस्सोने पाठ फिरवली. शेजारी उभी असलेली मीसुद्धा वळले, सवयीने.

सात गाणी आम्ही स्टेजकडे पाठ करून उभे होतो. समोर ती पोरं गाताना दिसत होती आणि त्यांच्या तोंडांकडे बघत आम्ही मख्खासारखे. सातव्यात ती ओळ आली. एक मुलगी माझ्याकडे तोंड करून, डोळे मिटून गात होती, 'पाणी बदला, हात तेच आहेत'. मला तिचा राग आला. मग कळलं, राग तिचा नाही आलेला.

मी वळले. सगळ्यांची पाठ स्टेजकडे होती, म्हणजे चिंधीकडेही. माझे हात कोणी बघत नव्हतं. दोरा ओढला, सरसर आला. चुणी सुटली आणि ओळ खाली उघडली, अख्खी.

चेलोने पाहिली का? नाही पाहिली. पुढेही कधी वळून बघितलं नाही. तेरेसा म्हणते त्याला आता दोन हातांपलीकडचं दिसत नाही. पण टीव्हीच्या माणसाने पाहिली, त्याचा कॅमेरा खाली आला, आणि बाजूच्या पोरांनी कठड्यावरून वाकून ती वाचली, टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी पोलो वळला. कठड्यावरून वाकला आणि वाचली.

"काय केलंस हे?"

"शिवण उसवली."

"कोणाला विचारून?"

"माझी होती, मीच उसवली."

त्याचा चाकू कुठल्याही फाटकावरच्या झडतीतून आत येतो, तुला माहीत आहे. त्याने पातं उघडलं आणि जोडाच्या शिवणीला लावलं, मागच्यासारखंच. "सरक."

मी शिवणीवर दोन्ही हात ठेवले. "नाही सरकत. शब्द दिलाय."

"कोणाला? त्या धुणेवाल्याला?"

"माझ्या भावाला."

सहा वर्षांत त्या घरात हा शब्द कोणी उच्चारला नव्हता, दानि. मीही नाही. मंडळी एकेक करून वळून बघायला लागली होती. मला वाटलं आता हा कापणार, माझ्या बोटांसकट. मी हात काढले नाहीत. माझी बोटं त्याने फार वेळा बांधून दिली आहेत, मी ही चिंधी शिवत होते तेव्हासुद्धा. तो त्यांच्याकडेच बघत राहिला. मग त्याने चाकू मिटला.

"मग भावाकडेच राहा," तो म्हणाला आणि त्याने पाठ फिरवली. स्टेजकडे नाही, माझ्याकडे.

त्याचं बघून एकेकाने फिरवली. वीसबावीस माणसं, सगळी माझ्या स्वयंपाकघरात जेवलेली. उरलेली गाणी मी तशी ऐकली, कठड्याला धरून, एकटी समोर तोंड करून. तुला त्या दिवशी कसं वाटलं असेल ते तू कधी लिहिलं नाहीस. तुझी अकरा पानं मी आता नीट वाचली.

कार्यक्रम संपल्यावर गाठी सोडून चिंधी मी एकटीने उतरवली. कोणी हात लावला नाही. मग तिकडच्या पोरांतून तेरेसा आली आणि तिने एक टोक धरलं. काल घरी कपडे आणायला गेले तर पिशवी बाहेर ओट्यावर भरून ठेवलेली होती, घड्या घालून. घड्या पोलो घालतो तशाच, वाकड्यातिकड्या. आतून रेडिओचा आवाज येत होता. मी दार वाजवलं नाही, त्यानेही उघडलं नाही.

आता रेकॉर्डचं. तुला वाटत असेल, लुदा बदलली. डोंबल! सातवं गाणं बरं आहे. बरं, एवढंच, जास्त चढून जाऊ नकोस. पहिली तीन रटाळ आहेत. पाचव्यात यंत्राचे ठोके डोकं उठवतात. आठवं तर लिहायलाच नको होतं. ही रेकॉर्ड लोकांनी कमी लेखलेली नाही, जेवढ्यास तेवढी लेखली आहे. हे मी तेरेसाला सांगितलं तर ती आदराने म्हणाली, "असेल, ताई." मंडळींना सांगितलं असतं तर सगळ्यांनी एका सुरात 'हो' म्हटलं असतं. सहा वर्षं मी जे बोलले त्याला त्या घरात सगळे हो म्हणत आले. मला वाटायचं, माझं बरोबर आहे म्हणून म्हणतात.

गुरुवारी दुपारच्या बसने निघतेय. यास्नाला विचारायला वेळ नाही, तिची माफी माग. रेकॉर्ड भिकार आहे, हे मला तुझ्या तोंडावर सांगायचंय. आणि तू 'नाही' म्हणशील ते ऐकायचंय.

लुदा